घरभेटीपुरते बाबा बाहेर

तिला सगळे कवळीवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांची मापं घेऊन पाठवत, त्यावरून कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती नोकरीला होती. खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती मेणात एकेक दात बसवी. सगळे दात एका रांगेत सरळ बसवले की कवळी ओळखू येते, म्हणून एखादा दात किंचित तिरका, एखादा जरा मागे, असं करण्यात तिचा हात चांगला बसला होता. पण तयार कवळी डॉक्टरकडे रवाना करताना कागदावर जी सही लागे, ती तिची चालत नसे. त्याला पदवी लागते. पदवी नसेल तर तुम्ही मदतनीस, मग तुमचे केस तिथे पांढरे झाले तरी पगार मदतनिसाचाच.

पदवीच्या वाटेला ती एकदा लागली होती. दुसऱ्या वर्षाला असताना एक स्थळ आलं. मुलगा कायम नोकरीत, स्वभावाने शांत, हुंडाबिंडा काही नको. तिची आई नुकतीच गेली होती, आणि बाप घरोघरी जाऊन भिंती रंगवणारा रंगारी. त्याला वाटलं, पोरीचं एकदा मार्गी लागलं की आपण सुटलो. शिक्षण काय, लग्नानंतरही होतं, असं तो म्हणाला, आणि असं म्हणणाऱ्या सगळ्या बापांप्रमाणे त्यालाही ते खरंच वाटत होतं. तिने कॉलेज सोडलं. नवरा शांत निघाला, तो इतका की घर सोडून गेला तेव्हाही त्याने आवाज केला नाही. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. पुढे वकिलाकडून कागद आले, तिने सह्या केल्या, आणि त्या माणसाचा विषय संपला.

बाप तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आला. सोबत एक पिशवी, रेडिओ आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेले ब्रश. ते चार दिवस काही संपले नाहीत. शिडीवर चढून चढून त्याचे गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे मोठी कामं मिळत नव्हती. पण नातीला शाळेत सोडणं-आणणं, दूध, भाजी, विजेच्या बिलाची रांग, पोरीला ताप आला की दवाखाना, हे सगळं त्याने कोणी न सांगता अंगावर घेतलं. नातीच्या वेण्या तो इतक्या घट्ट घाली की बिचारीच्या भुवया वर चढत. ती त्याला दिवसभर हुकूम सोडी, म्हणून तो तिला मॅनेजर म्हणे. "मॅनेजरबाई, आज रजा मिळेल का?" असं त्याने विचारायचं आणि तिने कंबरेवर हात ठेवून "नाही, काम खूप आहे" म्हणायचं, हा त्यांचा रोजचा खेळ.

आता गंमत बघा. लॅबमध्ये मात्र कवळीवाली एकटी होती. ती तसं म्हणाली नव्हती कधी. तिच्या शेजारी प्लास्टरचे साचे ओतणारी एक मैत्रीण होती, हात कायम कोपरापर्यंत पांढरे, म्हणून तिला सगळे प्लास्टरवाली म्हणत. तिने एकदा विचारलं, "एकटीने कसं गं निभावतेस सगळं?" त्यावर ही नुसतं "निभवावं लागतं" म्हणाली. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे? हळूहळू सगळ्या लॅबमध्ये झालं, की बाई एकटी आहे, पण बघा कशी ताठ उभी आहे. मालक नव्या मुलींना तिचं उदाहरण देई. टाकून दिलेली बाई म्हणून लोक कीव करत होते त्याची तिला इतकी वर्षं लाज वाटायची. आता त्याच गोष्टीचं कौतुक होत होतं. ते गोड लागलं. त्या कौतुकात बापाला जागा नव्हती, म्हणून बाप तिथे कधी आलाच नाही.

अशात प्लास्टरवालीनेच बातमी आणली. एका संस्थेचा निधी होता: एकट्या आईला किंवा एकट्या बापाला अर्धवट सोडलेलं शिक्षण पुन्हा सुरू करायचं असेल तर संस्था कॉलेजची फी भरणार, वर दरमहा घरखर्चाला हातभार. कवळीवालीने कॉलेजात जाऊन चौकशी केली. जुनं पहिलं वर्ष धरत होते, दुसऱ्यापासून बसता येणार होतं. वर्ग दिवसा, म्हणजे नोकरी अर्धवेळ करावी लागणार, आणि अर्ध्या पगारात घर चालणार नाही. निधी मिळाला तर कॉलेज, नाही मिळाला तर मेण आणि मदतनीस, इतका सरळ हिशोब होता. तिने अर्ज केला. घरातली माणसं विचारली होती तिथे दोन लिहिली, आणि लिहिताना हात जराही अडखळला नाही, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. संस्थेच्या एक बाई रविवारी सकाळी घरी येऊन बघून जाणार असं कळलं. याला ते लोक घरभेट म्हणत.

"हे बघ," प्लास्टरवाली म्हणाली, "घरभेट म्हणजे परीक्षा असते. माझ्या बहिणीने कुठल्यातरी मदतीसाठी अर्ज केला होता ना, तेव्हा फ्रिज उचलून शेजारी नेऊन ठेवला. टीव्हीवर चादर. घर जितकं रडकं दिसेल तितकं बरं. आणि कोणी पुरुष माणूस दिसू देऊ नकोस हं. दोरीवर नुसता शर्ट दिसला तरी म्हणतात, एकटी कसली ही!"

"माझ्याकडे कुठे कोण आहे," कवळीवाली म्हणाली, आणि पुन्हा मेणाकडे वळली.

प्लास्टरवालीच्या बहिणीने फ्रिज लपवला होता. हिने बाप लपवायचं ठरवलं.

बापाला सांगायचं कसं, या विचाराने तिचे दोन-तीन दिवस फार वाईट गेले. रोज जेवताना विषय जिभेवर येई आणि घासाबरोबर खाली जाई. शेवटी शनिवारी दुपारी, तो रेडिओ पुसत बसला असताना, तिने भिंतीकडे बघत सांगून टाकलं. तो चिडेल, निदान दुखावेल, गप्प होईल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण बाप उत्साहाने ताडकन उठला, म्हणजे गुडघे जेवढे देतील तेवढा.

"मग आधी नाही का सांगायचं! एका रात्रीत किती पसारा काढायचा मी? माझी गादी खालच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवतो. रेडिओपण. दाढीचं सामान पिशवीत. आणि तेलाची बाटली? त्या तेलाचा वास येतो बघ, म्हाताऱ्या माणसाचा. खिडक्या उघड्या ठेव सकाळपासून."

चपला, छत्री, चष्म्याची डबी, दोरीवरचे शर्ट. एकेक वस्तू गोळा करत तो घरभर फिरला. कोणा चोरानेही इतकं मन लावून घर साफ केलं नसेल, आणि हा स्वतःलाच उचलून नेत होता. मग मधल्या खोलीत येऊन तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि भिंतीकडे बघू लागला.

"भिंत चांगली आहे," तो काळजीने म्हणाला.

भिंत चांगली होतीच. त्यानेच रंगवली होती, उरलासुरला रंग साठवून, दोनदा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, आरशासारखी. येणारा-जाणारा त्या भिंतीवरून हात फिरवल्याशिवाय राहत नसे आणि म्हातारा तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघे.

"एकट्या बाईच्या घरात अशी भिंत कोण देणार? बाईंच्या लक्षात येईल. मी असतो तर माझ्या लगेच आलं असतं."

तो ब्रशांचं फडकं सोडून रंग खरवडायची पट्टी घेऊन आला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात त्याने पट्टी टेकवली आणि रंगाचे पापुद्रे काढायला सुरुवात केली. मग उरलेला गार चहा फडक्याने टिपून टिपून लावला. ओल आल्यासारखा पिवळट डाग हळूहळू पसरला. हुबेहूब. आयुष्यभर लोकांच्या भिंतींवरची ओल घालवणाऱ्या माणसाने ओल रंगवली होती. ती खोटी आहे हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

कवळीवाली दारात उभी राहून बघत होती. तिने त्याला थांबवायला हवं होतं. तिच्या तोंडून निघालं ते असं: "इकडे वरच्या बाजूला थोडं अजून करा."

त्याने वरच्या बाजूला थोडं अजून केलं.

राहता राहिली मॅनेजर. ती आता सहा वर्षांची होती आणि तिला कुठलीही गोष्ट एकदा सांगितली की पुरे होई. आईने तिला समोर बसवून सांगितलं, की उद्या एक बाई येतील, त्यांना आजोबांचं काही सांगायचं नाही. घरी कोण असतं विचारलं तर मी आणि आई. "लपाछपी?" मॅनेजरने विचारलं. "हो, तसंच," आई म्हणाली. मॅनेजर खूश झाली.

रविवारी बाप लवकर अंघोळ करून, नातीच्या वेण्या घालून, बाहेर पडला. रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाखाली एक बाक होता, तिथे तो बसणार होता. बाई गेल्या की हिने खिडकीत टॉवेल टाकायचा, मग त्याने वर यायचं. जाताना त्याने दारातून एकदा आत नजर फिरवली, आपलं काही राहिलं तर नाही ना म्हणून. काही राहिलं नव्हतं. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली.

संस्थेच्या बाई वयस्क होत्या, शाळेत मुख्याध्यापिका शोभल्या असत्या अशा. दोन मजले चढून त्यांना चांगलाच दम लागला होता. मॅनेजरने पाणी आणून दिलं. बाईंनी घर पाहिलं, कोपऱ्यातली ओल पाहून "अरे अरे, पोरीला खोकला होत असेल हो यानं" म्हणाल्या, आणि कवळीवालीला वाटलं, चला, बरोबर चाललंय. पगार, भाडं, नवऱ्याचे कागद, सगळं झालं. मग बाईंनी तिला न विचारता पोरीलाच जवळ घेतलं.

"शाळेतून कोण आणतं गं तुला?"

"मी एकटीच येते."

"एकटी? रस्ता ओलांडून?"

"हो. मग एकटीच कुलूप उघडते. मग एकटीच बसते." मॅनेजरला आता रंग चढला होता. "गॅसपण पेटवते मी एकटी."

हे काही कोणी शिकवलेलं नव्हतं.  कवळीवाली काही बोलणार, तोच बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, "तुमचे आईवडील कुठे असतात?"

"आई गेली माझी."

"आणि वडील?"

आता इथे सांगता आलं असतं. पण वडील आहेत म्हटलं की कुठे आहेत, काय करतात, येत का नाहीत, हे सगळं आलं. तिच्या समोर ती ओल होती. "वडीलही नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी फार हळू, समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, आणि तो सूर ऐकूनच कवळीवालीला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

"तुम्ही हुशार आहात, तुमचे गुण पाहिलेत मी. पण एक सांगते. सुरुवातीला आम्ही अशाच मुलींना निधी दिला, ज्यांच्या मागे कोणी नाही. मूल आजारी पडलं की वर्ग बुडाला, परीक्षा बुडाली, आणि वर्ष संपायच्या आत एकेक करून सगळ्या गळाल्या. शिक्षणही नाही आणि नोकरीही गेली. म्हणून आता आम्ही बघतो ते हेच, की आई वर्गात असताना पोराला बघायला घरात कोणीतरी खात्रीचं माणूस आहे का. आजी, आजोबा, मावशी, कोणीही. नुसता पैसा पुरत नाही हो. तुमचं कोणी असतं ना, तर मी आत्ता इथेच हो म्हटलं असतं."

 ज्या एका माणसाच्या जोरावर हा निधी कवळीवालीला मिळणार होता, त्याला तिने गादीसकट घराबाहेर काढलं होतं, आणि आत्ताच, ओठांची उघडझाप करण्याइतक्या वेळात, मारूनही टाकलं होतं. बाई उठल्या. ती त्यांना पोहोचवायला खाली निघाली. पहिल्या वळणावर सांगते, असं तिने ठरवलं. मग दुसऱ्या.  वडील नाहीत म्हणालेली बाई पाच मिनिटांत वडील आहेत कशी म्हणणार?

खाली आल्यावर बाईंना पुन्हा दम लागला. त्यांनी रस्ता ओलांडला आणि त्या समोरच्या बाकावर टेकल्या. बाकावर एक म्हातारा बसला होता. तो अदबीने बाजूला सरकला.

कवळीवाली रस्त्याच्या मध्यावर तशीच उभी राहिली. मागून एक सायकलवाला ओरडून गेला तेव्हा ती पलीकडे आली. तोवर बाईंनी म्हाताऱ्याला विचारलंही होतं.

"तुम्ही इथलेच का हो?"

"मी? मी रंगारी. कामाला येतो इकडे."

"मग या बाईंना ओळखत असाल. दुसऱ्या मजल्यावरच्या. यांचं खरंच कोणी नाही का? ती पोर दिवसभर एकटीच असते?"

म्हाताऱ्याला वाटलं, हाच तो क्षण. पोरीसाठी आपल्याला काही करता येईल असा. तो सावरून बसला.

"कोणी म्हणजे कोणी नाही हो त्यांचं. देवमाणूस आहे ती बाई. एकटी राबते." मग त्याने क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "एक बाप होता म्हणतात. पण तो काय कामाचा! चांगली शिकत होती पोरगी, हुशार होती, त्याने मधेच कॉलेज सोडायला लावलं. स्वतःचं ओझं उतरवायला लग्न लावून दिलं. विचारलंसुद्धा नाही तिला नीट. असा बाप असला काय आणि नसला काय. तुम्ही द्या तिला पैसे. तिला शिकू द्या."

तिने त्याला हे कधी ऐकवलं नव्हतं. एकदाही नाही. तो ते इतकी वर्षं मनात घेऊन दूध आणत होता, रांगेत उभा राहत होता, आणि आता ते बोलायला त्याला कोणी परकी बाई लागली होती. 

"बाई," कवळीवाली म्हणाली, "हे माझे बाबा आहेत."

बाईंनी वर पाहिलं. म्हाताऱ्याने त्यापेक्षा जास्त चमकून पाहिलं. पोरगी ऐन वेळी कच खातेय असं त्याला वाटलं असावं.

"काहीतरी गैरसमज होतोय यांचा," तो घाईने म्हणाला. "मी नाही हो. मी कोण यांचा? मी रंगारी."

"बाबा, सांगा त्यांना."

"बाई माणूस दमलंय," म्हातारा संस्थेच्या बाईंना समजावू लागला. "इतकं ओझं एकटीवर. होतं असं कधीकधी."

बाईंचा चेहरा आता कडक झाला होता. पाच मिनिटांपूर्वी वडील नाहीत, आणि कोणी असतं तर निधी मिळाला असता असं ऐकल्याबरोबर रस्त्यावरचा पहिला म्हातारा धरून हा माझा बाप. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी हेच समजलं असतं. "असं करू नये हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गरज आहे, मला कळतं. पण या बिचाऱ्यांना कशाला मधे ओढता?"

तेवढ्यात मॅनेजर धावत रस्ता ओलांडून आली. बाई पाण्याची बाटली वरच विसरल्या होत्या, ती घेऊन. बाईंनी बाटली घेतली आणि तिला विचारलं, "बाळ, हे आजोबा कोण आहेत, तू ओळखतेस?"

मॅनेजरने आजोबांकडे पाहिलं. मग आईकडे. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. पण खेळ संपला असं कोणी सांगितलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत."

आणि तिने आईकडे अभिमानाने पाहिलं.

 स्वतःला इतक्या सफाईने नाकारणाऱ्या म्हाताऱ्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, "बरोबर आहे, पोरगी कशी ओळखेल" असं काहीसं, पण आवाज मधेच फुटला. तो हाताने बाकाची कड चाचपत राहिला. नातीने त्याच हाताने घातलेल्या वेण्या मागे सारल्या.

कवळीवाली मटकन खाली बसली. भर रस्त्याच्या कडेला, धुळीत, आणि रडू लागली, बायका लोकांसमोर रडत नाहीत तसं, तोंड उघडं टाकून. "पुरे करा हो बाबा. पुरे करा."

मग मात्र म्हाताऱ्याला कुठलंही सोंग राहिलं नाही. तो गुडघे विसरून उठला, वाकला, तिच्या काखेत हात घालून तिला उचलू लागला. "ऊठ बाळा, ऊठ. अशी खाली बसू नको. लोक बघतायत. ऊठ, मी आहे ना."

 बाटलीचं झाकण संस्थेच्या बाईंनी उगीच दोनदा घट्ट केलं.

"हे तुमचे वडील," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि हेच पोरीला बघतात."

कवळीवालीने मान हलवली. मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

"या वर्षी मला नकार लिहावा लागेल. तुम्ही मला खोटं सांगितलंत, ते एक वेळ मी गिळलं असतं. गरजू माणूस करतं असं काहीतरी. पण या पोरीकडूनही वदवलंत." त्या उठल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. मीच येईन."

घरी गेल्यावर मॅनेजरने विचारलं, मी जिंकले का?  बापाने गादी वर आणली, रेडिओ जागेवर ठेवला. संध्याकाळी भाजी निवडताना तो म्हणाला, "चूक माझीच झाली. मी त्या कोपऱ्यावरच्या बाकावर बसायला हवं होतं." तो हे मनापासून म्हणत होता. त्याने तिला शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. हे तिला सहन झालं नाही. ती उठून अंघोळीला गेली, सकाळी झालेली असताना.

ओल त्याने पुढच्या आठवड्यात बुजवली. नवा रंग जुन्याशी काही जुळला नाही; त्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग तिथे खुर्ची ओढून ठेवली. घरभेटीच्या सोंगाबद्दल नाही, पण बाकावर तो जे बोलला त्याबद्दल तिला त्याच्याशी बोलायचं होतं. तुमच्यावर माझा राग नाही, एवढंच. पण ते म्हणायला गेलं की आधी स्वतःचं बोलावं लागलं असतं, आणि ते निघत नव्हतं. तिने दुसरंच केलं. लॅबमध्ये कोणीतरी "एकटीने कसं गं" सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "एकटी कुठे, माझे बाबा असतात ना. सगळं तेच करतात."

प्लास्टरवालीचा हात साच्यावरच थांबला. "बाबा आहेत तुला? इतकी वर्षं कधी बोलली नाहीस ती?"

त्या दिवशी कान इतके तापले की तिला मेण धरवेना. पुढे लॅबमधलं कौतुक आपोआप कमी झालं. मालक नव्या मुलींना दुसऱ्या कोणाचं तरी उदाहरण देऊ लागला.

वर्ष गेलं. तिने पुन्हा अर्ज केला, घरातली माणसं तीन लिहिली, आणि त्याच बाई पुन्हा दोन मजले चढून दम टाकत आल्या. म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता, लग्नातल्या व्याह्यासारखा. दोरीवर त्याचे कपडे होते, कोनाड्यात दाढीचं सामान होतं, तेलाचा वास तर घरभर. बाई त्याच्याशी गुडघ्यांबद्दल बोलल्या, मागच्या खेपेबद्दल एक अक्षर काढलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. कवळीवालीने चहाचे कप आणून ठेवले. बाईंनी हसून मॅनेजरला जवळ बोलावलं. ती आता उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते.

"काय गं, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

 मॅनेजर वळून आईकडे बघू लागली.

"आई," तिने विचारलं, "आजोबा आहेत ते सांगू, की नाहीत ते?"

"अगं मॅनेजरबाई, समोर बसलोय ना मी हा एवढा!" म्हातारा मोठ्याने हसला. बाईही हसल्या. मग मॅनेजर म्हणाली, "आई, मी आणि आजोबा," अगदी स्पष्ट, शहाण्या आवाजात. मागच्या वर्षी रस्त्यावर "मी नाही ओळखत" म्हणाली होती तो आवाजही असाच होता, तितकाच स्पष्ट आणि तितकाच शहाणा. बाईंनी लिहून घेतलं आणि या वेळी काही अडचण दिसत नाही, कॉलेजला कळवून टाका, असं त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. कवळीवालीही हसली, आभार मानले, आणि कप धुऊन आणते म्हणून आत गेली. चहा अजून कोणी प्यायला नव्हता.